कापूस काळा झाला म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ झाली, असं नाही

गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड घरच्या घरी ‘नव्यासारख्या’ करण्याचा एक संदेश गेले काही महिने व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. मला तो चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. त्यातली कृती थोडक्यात अशी: सॅनिटायझरमध्ये किंवा स्पिरिटमध्ये कापूस भिजवून रेकॉर्ड पुसा, कापूस काळा होईल, ती सगळी वर्षानुवर्षांची घाण. मग भांड्यांच्या साबणाने नळाखाली धुवा. तरीही घाण उरली तर सुतारकामाचा पांढरा गोंद ओता, वाळू द्या आणि सालीसारखा सोलून काढा. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवा. खरखर जाते आणि आवाज पहिल्या दिवसासारखा येतो.

ओळखीच्या लोकांकडच्या जुन्या रेकॉर्डवरचं गाणं मी संगणकावर उतरवून देतो. गेल्या वर्षी गणपतीनंतर एक गृहस्थ ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एक रेकॉर्ड घेऊन आले. नाट्यगीताची होती, त्यांच्या आईच्या माहेराहून आलेली. या संदेशाप्रमाणे त्यांनी तिची एक बाजू पुसली होती. दिव्याखाली तिरपी धरली तर न पुसलेल्या बाजूवर गाणं कोरलेल्या खाचांची बारीक चमक दिसत होती आणि पुसलेल्या बाजूवर राखाडी, धुरकट पट्टा. पिन त्या पट्ट्यावर आली की गाणं बुडायचं आणि नुसता फरफर आवाज उरायचा. हे लिहायला बसलो ते त्या पट्ट्यामुळे.

सर्वात आधी स्पिरिट, कारण सगळ्यात मोठं आणि कधीही भरून न येणारं नुकसान तिथेच होतं. संदेशात ‘रेकॉर्ड’ असा एकच शब्द आहे, जणू सगळ्या रेकॉर्ड एकाच पदार्थाच्या असतात. तसं नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जड, पडली की फुटणाऱ्या रेकॉर्ड लाखेच्या असतात. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर किडे जी बनवतात तीच. साधारण पाव भाग लाख, बाकी बहुतेक दगडाची बारीक भुकटी आणि काळ्या रंगासाठी काजळी, असं ते मिश्रण. लाँग प्ले, म्हणजे एलपी, ही १९४८मध्ये अमेरिकेत कोलंबियाने बाजारात आणली. ती व्हिनिलची, म्हणजे पीव्हीसी जातीच्या प्लास्टिकची.

आता फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर आठवा. लाखेचा चपडा तो रात्रभर कशात भिजत घालतो? स्पिरिटमध्येच. सकाळी चपडा दिसत नाही, पातळ पॉलिश तयार असतं. लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते; फ्रेंच पॉलिशचा सगळा धंदा याच गुणावर उभा आहे. ७८च्या रेकॉर्डवर स्पिरिटचा बोळा फिरवणं म्हणजे गाण्याचं पॉलिश करून ते कापसावर उतरवून घेणं. कापूस काळा होतो तो धुळीने नव्हे. ती काजळी आणि लाख असते, म्हणजे खाचेची भिंतच. गाणाऱ्याचा आवाज त्या भिंतीच्या नागमोडी वळणांत कोरलेला असतो आणि ती वळणं डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक असतात. वरचा थर एकदा मऊ होऊन सरकला की तो पुन्हा जागेवर आणणारा कुठलाच उपाय नाही.

म्हणूनच ‘कापूस काळा होईल’ हे वाक्य मला या संदेशातलं सर्वात घातक वाक्य वाटतं. नुकसान होत असतानाच माणसाला समाधान वाटावं, अशी त्याची रचना आहे. जितका काळा कापूस, तितका उत्साह, तितकं आणखी घासणं.

सॅनिटायझर तर आणखी वाईट. त्यात साधारण ७० टक्के अल्कोहोल असतंच, शिवाय बाटलीतला द्रव जेलसारखा घट्ट राहावा म्हणून घातलेलं द्रव्य आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरिन. अल्कोहोल उडून जातं आणि बाकीचं खाचेत चिकटून बसतं.

एलपीच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे, तेही सांगायला हवं. पीव्हीसी अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. एलपी धुण्याच्या अनेक तयार द्रवांमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं आणि पातळ करून, थोडा वेळ वापरलं तर त्याने एलपी बिघडत नाही. संदेश पसरला तो बहुधा याच अर्ध्या सत्याच्या जोरावर. परदेशातल्या व्हिनिलवाल्यांची युक्ती आपल्याकडच्या लाखेच्या रेकॉर्डला लावली गेली. आपल्या घरांत लाखेच्या रेकॉर्ड जास्त सापडतात यालाही कारण आहे: पाश्चात्त्य देशांत ७८ जवळजवळ बंद झाल्यावरही भारतात १९६०च्या दशकात त्या निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८वर आली.

आता साबण आणि नळ. भांड्यांच्या साबणात सुगंध असतो, रंग असतो, हातांसाठी घातलेली द्रव्यं असतात. भांड्यावर राहिलेला त्याचा अंश जाणवत नाही. एलपीची खाच मात्र केसापेक्षा बारीक असते आणि तिच्या तळाशी वाळलेला थर पिनला जाणवतो. नळाच्या, त्यातही बोअरच्या पाण्यात क्षार असतात. बादलीच्या कडेला जो पांढरा थर चढतो तोच खाचेत चढतो. आधी धूळ होती, ती ब्रशने निघाली असती. आता क्षार आहेत, ते निघत नाहीत.

यावर उपाय स्वस्त आणि जवळचा आहे. डिस्टिल्ड वॉटर औषधांच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरतात ते पाणीही चालतं, फक्त डब्यावर ‘डिस्टिल्ड’ किंवा ‘डीमिनरलाइज्ड’ लिहिलेलं आहे ना, ते नीट वाचा. त्याच शेल्फवर बॅटरीचं अॅसिडही असतं. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयासारखी संस्था आपल्या संग्रहासाठी टर्जिटॉल नावाचा, सुगंध-रंग नसलेला क्षालक शुद्ध पाण्यात अगदी थोडा मिसळून वापरते आणि लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावू नका असं स्पष्ट सांगते. आपल्याला टर्जिटॉल मिळाला नाही तरी चालेल. बिनवासाच्या, बिनरंगाच्या सौम्य द्रवसाबणाचा एक थेंब आणि नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसणं, एवढं घरच्या संग्रहाला पुरतं.

शिवाय ७८ नळाखाली धरली की तिच्या मधोमध चिकटवलेलं कागदी लेबल भिजतं. गायकाचं नाव, रागाचं नाव, नाटकाचं नाव, कंपनीचा क्रमांक असं सगळं त्या कागदावर असतं. लेबल गेलं की ती रेकॉर्ड कुणाची, हे सांगणारं बऱ्याचदा घरात कुणी उरलेलं नसतं. अगदी सुरुवातीच्या काळात, १९०२मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा रेकॉर्ड छापायला जर्मनीत हॅनोवरला जात. तिथल्या लोकांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून गायिका शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगत. नंतर ते काम लेबलाने केलं. त्याला पाण्यापासून जपा.

गोंदाची युक्ती एलपीवर चालते, हे मान्य. वाळलेला गोंद खाचेतली धूळ सोबत घेऊन निघतो. पण थर पातळ पडला तर तो फाटतो आणि तुकडे आतच राहतात, आणि सोलताना इतकी स्थिर वीज तयार होते की खोलीभरची धूळ नव्याने त्या रेकॉर्डवर येऊन बसते. लाखेवर मात्र हा प्रयोग कधीही करू नका. जिथे पाणी मिनिटभरही रेंगाळू द्यायचं नसतं, तिथे ओला गोंद रात्रभर ठेवायचा आणि सकाळी जोर लावून ओढायचा, तोही जुन्या, ठिसूळ, कदाचित बारीक तडा गेलेल्या रेकॉर्डवरून!

खोबरेल तेलाबद्दल दोनच वाक्यं. तेलाने रेकॉर्ड चमकते, कारण खाचा तेलाने भरतात. त्या तेलावर धूळ बसून जो चिखल होतो तो पिन पुढे ढकलत नेते. जुन्या बाजारात फार चकचकीत दिसणारी रेकॉर्ड घेताना बोटाने कडेला हळूच स्पर्श करून पाहा, बोट तेलकट झालं तर ती चमक विक्रीपुरती आहे.

राहिला सर्वात मोठा दावा: आवाज पहिल्या दिवसासारखा येतो. हा दावा साफसफाईविषयी नाही, रेकॉर्ड कशी झिजते त्याविषयी आहे, आणि तो खोटा आहे. चावीच्या फोनोवर, म्हणजे जुन्या ग्रामोफोनवर, पोलादी पिन असे आणि साउंडबॉक्सचं, म्हणजे पिन धरून तिच्या थरथरीचा आवाज करणाऱ्या डबीचं, सगळं वजन तिच्यावर. लाखेत दगडाची भुकटी घातलेली असे तिचं एक काम पिनचं टोक घासून खाचेच्या मापाचं करणं हेही होतं. म्हणून तर एक बाजू वाजली की पिन बदलायची. घरोघरी मात्र एकच पिन आठवडाभर चाले आणि प्रत्येक वेळी थोडं गाणं खरवडून काढे. विशेषतः चढे, मोठे आवाज. आज ऐकू येणाऱ्या खरखरीचा मोठा भाग म्हणजे ही झीज, आणि त्यात मिसळलेला त्या दगडी भुकटीचा मूळचाच खरबरीतपणा. धुऊन जाईल असं त्यात काही नाही.

मळ आणि झीज यांतला फरक कानाने ओळखता येतो. टकटक ठरावीक अंतराने, एलपीवर दर १.८ सेकंदांनी किंवा ७८वर साधारण पाऊण सेकंदाने येत असेल, तर तो ओरखडा आहे. रेकॉर्डचा एक फेरा तेवढ्याच वेळात पूर्ण होतो. ती धुऊन जाणार नाही. टकटक कशीही, कुठेही येत असेल आणि ब्रश फिरवल्यावर तिची जागा बदलत असेल, तर ती धूळ. अखंड सुस्कारा असेल तर बहुधा झीज.

आणखी एक शक्यता आहे, ती लोकांच्या लक्षातच येत नाही. नव्या टर्नटेबलवर एलपीची पिन असते, तिच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ७८ची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासची पिन लागते. एलपीची पिन ७८वर लावली की ती भिंतींना टेकण्याऐवजी तळाशी उतरते, आणि सगळी वाळू, सगळी धूळ तळाशीच साठलेली असते. गाणं बारीक आणि खरखर मोठी. मी स्वतः निव्वळ पिन बदलून आवाज उलगडलेला अनेकदा ऐकला आहे, पाण्याचा थेंबही न लावता. उलटी चूकही तितकीच वाईट: एलपी चावीच्या फोनोवर लावू नका. एका वाजवण्यातच तिचा चोळामोळा होतो.

माझी पद्धत सांगतो. आधी रेकॉर्ड कशाची आहे ते ठरवायचं. लेबलवर ७८ लिहिलं आहे का, हातात जड लागते का, कडेला टवका उडालेला दिसतो का. शंका असली तर लाखेचीच समजायची. मग पंखा बंद करायचा, कारण छताच्या पंख्याखाली साफ केलेली रेकॉर्ड पुसून होईपर्यंत पुन्हा धुळीने भरते. कोरडा मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. एलपीसाठी कार्बन फायबरचा ब्रश चांगला, तो स्थिर वीजही कमी करतो. कोरडं फडकं घासलं तर ती वाढते. बहुतेक रेकॉर्डचं काम इथेच संपतं.

पावसाळ्यात कोकणातल्या, मुंबईतल्या कपाटांतून निघालेल्या रेकॉर्डवर पांढरी बुरशी असते. ती खोलीत झटकायची नाही. नाकाला मास्क लावून गॅलरीत न्यायची आणि ओलसर मायक्रोफायबरने उचलून घ्यायची. लाखेची रेकॉर्ड असेल तर लेबलवर प्लास्टिकची गोल झाकणी दाबून धरायची, कापड ओलसर, ठिबकणारं नाही, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून उभी वाळवायची. ऊन नको, हेअर ड्रायर नको. शेवटी जुनी कुबट कागदी पिशवी टाकून नवी. पिशवी तीच ठेवली तर बुरशी आठवड्यात परत येते.

त्या गृहस्थांची दुसरी बाजू आम्ही अशीच स्वच्छ केली. ७८ची पिन लावली. सुरुवातीला ऑर्गनचा सूर, मग आवाज, तानेच्या जागी थोडी खरखर. तीन मिनिटं दहा सेकंद, सगळं नीट उतरलं. पुसलेल्या बाजूवरचं गाणं दुसऱ्या कुणाकडे आहे का, ते आम्ही अजून शोधतो आहोत.