टंगस्टनचा ‘डब्ल्यू’ कुणा शास्त्रज्ञाचा नाही

टंगस्टन या धातूची रासायनिक खूण ‘डब्ल्यू’ ही वोल्फ्राम नावाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून आली, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हा धातू १७८३ मध्ये स्पेनमध्ये एल्हुयार बंधूंनी वेगळा केला. ‘डब्ल्यू’ ज्याचं पहिलं अक्षर आहे ते ‘वोल्फ्राम’ (Wolfram) हे नाव त्याच्या कितीतरी आधीचं, जर्मन खाणकामगारांचं. कथिलाच्या धातुकात टंगस्टनचं खनिज मिसळलेलं असलं की भट्टीतून कथिल कमी निघे, जणू लांडग्यानं मेंढरू फस्त करावं. म्हणून ‘वोल्फ’, म्हणजे लांडगा. ‘राम’चा अर्थ कुणी फेस लावतात, कुणी काजळी. जर्मन खनिजशास्त्रज्ञ ॲग्रिकोलानं १५४६ मध्ये लॅटिनमध्ये ‘लांडग्याचा फेस’ असंच लिहिलं होतं. भट्टीपुढे राबणाऱ्यांचा हा शब्द काल्पनिक शास्त्रज्ञाच्या नावावर जावा, हे मला खटकतं. ‘टंगस्टन’ मात्र स्वीडिश आहे: जड दगड.