गोठलेल्या तळ्यावरचा तास आणि अकरावीचा अर्ज

भाच्याचा अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायला बसल्यावर ताईने साताऱ्याहून मला फोन लावला. त्याला गणित आणि इतिहास दोन्ही मनापासून आवडतात. पण अर्जात कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकी शाखा ठरवावी लागते, आणि ‘सायन्स घे, पुढे काहीही करता येतं’ हे तोवर सगळ्या नातेवाइकांनी त्याला सांगून झाले होते. कला आणि विज्ञान यांच्यात कठोर भिंत नसावी, असे २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. काहींना त्यात मुलांची सुटका दिसते, तर काहींना भीती वाटते की अशाने कोणताच विषय पक्का होणार नाही. फिनलंडमध्ये युवास्क्युला येथे शिक्षणशास्त्र शिकताना मला या दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसू लागले आहे.

इथल्या शाळांत ऑगस्ट २०१६पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमानुसार प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून निदान एकदा अनेक विषय एकत्र गुंफलेला उपक्रम करावा लागतो. अशाच एका उपक्रमासाठी मी सहावीच्या मुलांबरोबर गोठलेल्या तळ्यावर गेले होते. मुलांनी गिरमिटाने बर्फाला भोके पाडली, जाडी मोजली, खाली दोरीने तापमापक सोडला आणि आकडे वहीत उतरवले. वर्गात परतल्यावर त्याच आकड्यांचे आलेख काढले आणि पूर्वी हिवाळ्यात या तळ्यावरून ये-जा कशी चाले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणले. पृष्ठभाग शून्य अंशावर गोठलेला असताना तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास का असते, असे शिक्षिकेने विचारले, तेव्हा मुले गप्प राहिली. मला मात्र उत्तर येत होते. चार अंशांना पाणी सर्वांत जड असते म्हणून ते तळाशी जाते; हे पाण्याचे असंगत आचरण आणि ते दाखवणारे होपचे उपकरण दहावीला आम्ही आकृतीसह पाठ केले होते, आणि तो प्रश्न परीक्षेत हमखास येतो म्हणून मी ती आकृती किती वेळा काढली असेल याला गणती नाही. तोवर मी गोठलेले तळे पाहिलेले नव्हते. त्या मुलांनी जन्मापासून पाहिले होते, पण त्यामागचे कारण त्यांना ठाऊक नव्हते.

म्हणूनच माझ्या शाळेने माझ्याकडून करून घेतलेल्या पाठांतराला मी कमी लेखणार नाही. जोडायला मुळात काहीतरी पक्के हाताशी असावे लागते. पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतील फिनलंडचे गणिताचे सरासरी गुण २००६ साली ५४८ होते, ते २०२२ साली ४८४ झाले, आणि इथले पालकही आता मूलभूत कौशल्यांबद्दल काळजीने बोलतात. ही घसरण २०१६च्या आधीच सुरू झाली होती, त्यामुळे तिचा दोष एकत्रित उपक्रमांवर टाकता येत नाही. पण असे उपक्रम केले की बाकीचे आपोआप जमते, असेही कोणी मानू नये.

मी शिकते त्या विद्यापीठाचे मूळ १८६३ साली ऊनो सिग्नेउस यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या अध्यापक विद्यालयात आहे. त्यांच्याच आग्रहामुळे १८६६पासून हस्तकला इथे सक्तीचा विषय झाली, आणि आजही मुलगे विणतात, मुली लाकूड रंधतात. हे वाचताना मला वर्धा आठवले. ऑक्टोबर १९३७मध्ये तिथल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या आधारे सर्व विषय शिकवण्याची कल्पना मांडली, त्यावर झाकिर हुसेन समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामला नई तालीमचे प्रयोग झाले. म्हणजे आज आपण ज्यावर वाद घालतो, ते आपल्याच मातीत करून पाहिलेले आहे. माझ्या शाळेत त्याची आठवण ‘कार्यानुभव’ या नावाने वेळापत्रकात उरली होती, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जाई.

तळ्यावरच्या त्या तासामागे दोन शिक्षिकांची कितीतरी तासांची एकत्र तयारी होती, आणि तिच्यासाठी वेळ राखून ठेवलेला होता. आपल्याकडे साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळून, पोर्टलवर माहिती भरून, निवडणुकीचे कामही करणाऱ्या शिक्षकाने हे कधी करायचे? धोरणातले वाक्य वर्गात उतरवायचे असेल, तर आठवड्यातले दोन तास दोन विषयांच्या शिक्षकांना एकत्र बसण्यासाठी अधिकृतपणे द्यावेत, आणि तो वेळ परीक्षेच्या तोंडावरही काढून घेऊ नये. भाच्याने शेवटी विज्ञान शाखा भरली. सोबत इतिहास घेता येईल का, हे विचारायला तो सोमवारी महाविद्यालयात जाणार आहे.