खेळतं भांडवल म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे

उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय: खेळतं भांडवल म्हणजे बँकेतली शिल्लक, ते जितकं जास्त तितका धंदा भक्कम, आणि नफा असला की त्याची चिंता नको. तिन्ही विधानं चुकीची आहेत आणि नव्याने धंद्यात पडलेली पोरं ती खरी धरून चालतात, म्हणून हे लिहितोय.

शिल्लक हा त्यातला एक भाग. कच्चा माल, तयार माल, गिऱ्हाइकांकडचं येणं, रोकड, असं वर्षभरात पैशात येणारं सगळं धरायचं आणि वर्षभरात फेडायची देणी वजा करायची. उरेल ते खेळतं भांडवल. खात्यात पैसे असूनही ते उणे निघू शकतं.

'जास्त म्हणजे भक्कम' हे तर सर्वांत घातक. सिंधुदुर्गातला एखादा काजू कारखाना घ्या. काजू बीचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे, त्यामुळे वर्षभराची खरेदी तेव्हाच उरकावी लागते. समजा, माल ३० लाखांचा, येणं २० लाख, खात्यात २ लाख. समोर देणी ४० लाख. कागदावर खेळतं भांडवल १२ लाख. पण येण्यातले ८ लाख दोन वर्षं अडकलेले आणि ५ लाखांचा माल कीड लागून बाद झालेला असेल, तर खरा आकडा उणे एक लाख! उधारी बुडत जाते, माल साठत जातो आणि आकडा मात्र फुगलेलाच दिसतो. म्हणून येण्याची यादी दिवसांप्रमाणे लावून बघा: ३० दिवसांच्या आतलं किती, ९० दिवसांपलीकडचं किती.

नफ्याचं म्हणाल तर साखर कारखान्यांकडे पाहा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे; साखर मात्र केंद्राच्या मासिक कोट्यानुसार, म्हणजे दर महिन्याला ठरवून दिलेली तेवढीच, महिनोन् महिने विकली जाते. मधल्या काळासाठी साखर तारण ठेवून बँकेकडून उचल घ्यावी लागते आणि तिचं व्याज सुरूच राहतं. वर्षअखेर नफा दिसला, तरी शेतकऱ्याचे पैसे द्यायच्या दिवशी तो हातात नसतो.

येणं अडकू नये म्हणून लहान उत्पादकांनी आणि सेवा देणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी, नक्की करावी. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावंच लागतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक दरा'च्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या.