नियमांनी फिनटेकचा गळा घोटला? मुळीच नाही

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय: रिझर्व्ह बँकेने फिनटेकचा (म्हणजे मोबाइल-इंटरनेटवरून पैशांच्या सेवा देणाऱ्या कंपन्यांचा) गळा घोटला, यूपीआय वाढलं ते नियमांना न जुमानता, ओटीपीने ग्राहक वैतागला आणि कर्जाच्या ॲपवर बंधनं आणून गरिबाचंच नुकसान केलं. यातला एकेक मुद्दा घेते.

यूपीआय आधी. 2016 मध्ये ते आणणारी एनपीसीआय ही देशातली पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्थाच रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याआधी एका वॉलेटमधले पैसे दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये जात नव्हते. आज भाजीवालीच्या गाडीवर एकच कोड पुरतो, कारण सगळ्या बँका एकाच नियमाने चालतात.

ओटीपीचं म्हणाल तर ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी 2009 पासून सक्तीची आहे, आणि ऑनलाइन खरेदी त्यानंतरच फोफावली. शिवाय नियम सगळीकडे सारखाच कडक नाही. यूपीआय लाइट या छोट्या व्यवहारांसाठीच्या सोयीत पिनसुद्धा लागत नाही. जोखीम कमी तिथे अडवणूकही कमी.

एक तक्रार मात्र खरी आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये ऑटो-डेबिटचे, म्हणजे ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे कापले जाण्याचे, नवे नियम लागू झाले तेव्हा, मुदत वाढवून देऊनही, अनेक बँकांची तयारी नव्हती. लोकांची बिलं अडकली. पण पैसे कापण्याआधी 24 तास कळवा, हा नियम चुकीचा नव्हता.

आता कर्जाचं. आमच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्या काकांनी 2021 मध्ये एका ॲपवरून 5,000 रुपये घेतले. हातात आले 3,500, बाकीची ‘प्रोसेसिंग फी’. सात दिवसांत पूर्ण 5,000 परत करायचे. म्हणजे आठवड्याला 42 टक्क्यांहून जास्त! सावकारही लाजला असता. आठव्या दिवशी त्यांच्या बहिणीला आणि मुलीच्या बाईंना ‘हा माणूस चोर आहे’ असे मेसेज गेले. ॲपने फोनमधले सगळे नंबर आधीच उचलले होते. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला कर्ज देणारी सुमारे 1,100 ॲप सापडली, त्यातली 600 बेकायदा.

सप्टेंबर 2022 च्या नियमांनी काय केलं? कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात, फोनमधल्या नंबर-फोटोंना हात लावायचा नाही, सगळा खर्च धरून वार्षिक टक्केवारी आधीच लिहून द्यायची, आणि ठरावीक दिवसांत मन बदललं तर दंडाशिवाय कर्ज परत करायची मुभा. यातली कुठली अट प्रामाणिक कंपनीला जड जाते? बेकायदा ॲप अजूनही फसवतात, पण ती या चौकटीबाहेरच आहेत. तिथे नियम जास्त झालेले नाहीत, पोहोचायचे राहिलेत.

काकांनी मध्यंतरी पुन्हा कर्ज काढलं, रिक्षाच्या दुरुस्तीसाठी. दोन ठिकाणचे माहितीचे कागद घेऊन माझ्याकडे आले, टक्केवारीवर बोट ठेवून म्हणाले, “ताई, हप्ता ह्याचा कमी दिसतो, पण महाग हाच आहे ना?” बरोबर होतं त्यांचं.