कोंबडीला इंजेक्शन देत कोण बसलंय?

मावशीने घरात चिकन आणणंच बंद केलंय. कारण तो फॉरवर्ड: 'सुपरमार्केटचं स्वस्त चिकन हार्मोनची इंजेक्शनं देऊन फुगवतात, त्यात प्रथिनं नावालाच. महाग चिकन पिवळसर, शुद्ध. त्यात जंतू नसतात, आतून थोडं कच्चं राहिलं तरी चालतं.' महाग परवडत नाही आणि स्वस्त म्हणजे विष, मग काहीच नको! अर्धा तास फोनवर डोकं फोडून झालं, आता लिहितो.

आधी इंजेक्शन. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं. खाद्यातून दिलं तर पोटात पचून जातं. म्हणजे ते टोचावं लागणार, तेही पुन्हापुन्हा, शेडमधल्या हजारो पक्ष्यांना एकेक करून. एवढी उठाठेव करून कोंबडी स्वस्त कशी पडेल, हे फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी एकालाही सुचू नये? मग ती इतकी झपाट्याने वाढते कशी? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ चे जपून ठेवलेले वाण आणि २००५ चा ब्रॉयलर एकच खाद्य घालून वाढवले. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. छप्पन्नाव्या दिवशी सरासरी वजनं होती ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच, फरक वाणाचा. पिढ्यानपिढ्या निवडून केलेल्या पैदाशीचा.

या वाढीची किंमत पक्षी मोजतो, हे मात्र खरं. पाय अधू होतात, हृदयावर ताण येतो. छातीच्या मांसावर पांढऱ्या रेघा दिसतात ती चरबी. कधी मांस लाकडासारखं कडक निघतं. सावकाश वाढलेल्या, वयाने मोठ्या कोंबडीला चव जास्त असते, हेही मान्य. चवीसाठी किंवा कोंबडीच्या हालांचा विचार करून कोणी जास्त पैसे मोजत असेल तर माझं काही म्हणणं नाही.

पण 'कच्चं चालतं' हे वाचून माझं डोकं फिरलं. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू किंमत बघून येत नाहीत. उलट मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबडीचा रानपाखरांच्या विष्ठेशी संबंध येतो, त्यामुळे तिच्यात कॅम्पिलोबॅक्टर कमी सापडेल याची काहीच खात्री नाही. चिकन कुठलंही असो, सगळ्यात जाड भागात आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस व्हायलाच हवं. आणि नळाखाली खसाखसा धुऊ नका. जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीत पोचतात.

प्रथिनं? कातडीविना छातीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण २२-२३ ग्रॅम, स्वस्त आणि महाग दोन्हींत. मात्र पाकिटावर मिठाचं पाणी मिसळल्याचं लिहिलं असेल तर तेवढे पैसे पाण्याचे, आणि हे महागातही असू शकतं.

राहता राहिला पिवळा रंग. तो मक्यातून येतो, नाहीतर खाद्यात घातलेल्या झेंडूच्या अर्कातून. मावशी, शुद्धता म्हणून तू झेंडू विकत घेणार होतीस.