पाला जाळू नका, मोगरा छाटायला घाबरू नका

रथसप्तमी झाली की माझं अर्धं लक्ष गच्चीवर असतं. पहाटे अजून स्वेटर लागतो, पण दुपारी कुंडीला हात लावला तर चटका बसतो. बहुतेकांना बाग आठवते जूनमध्ये. तेव्हा नर्सरीत झुंबड उडते, रोपं येतात, पावसाच्या जिवावर वाढतातही. झाडाला आपली खरी गरज असते ती आत्ता, थंडी उतरताना.

मोगऱ्याचंच घ्या. एप्रिलमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं, "आमच्या मोगऱ्याला नुसता पाला, फूल नाही." अहो, त्याला कळी धरते नव्या फुटीवर. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर फूट येणार कुठून? मी पौषात त्याचं पाणी तोडते. पानं पिवळी पडतात, तेव्हा जीव घट्ट करावा लागतो. माघात झाड निम्म्यावर छाटायचं, वरची माती उकरून मूठभर निंबोळी पेंड आणि दोन ओंजळी शेणखत घालायचं, मग भरपूर पाणी. थोड्याच दिवसांत काडीच्या पेरावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसतो. तो बघायला मी चहाचा कप घेऊन गच्चीवर जाते.

गेल्या वर्षी शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, जितंजागतं झाड कशाला कापतेस?" चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्याच झाडाची ओंजळभर फुलं त्यांना नेऊन दिली. यंदा त्यांनीच हाक मारली, "कात्री घेऊन ये गं."

गुलाबाला मात्र आता हात लावू नका, त्याची छाटणी ऑक्टोबरातली. शेवंती फुलून गेली असेल तर जमिनीलगत कापा, बुडाशी येणारे मुनवे, म्हणजे नवे कोंब, जपा. भेंडी, गवार, काकडीचं बी आता टाकता येतं.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. याच दिवसांत बदाम, पिंपळ, शिरीष पानं गाळतात, आणि सकाळी फिरायला गेलं की कोपऱ्याकोपऱ्यावर पाल्याचे ढीग धुमसत असतात. मला ते बघवत नाही. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड ठेवला. त्याच वर्षी पुण्यात अदिती देवधर यांनी 'ब्राऊन लीफ' सुरू केलं, पाला असणारे आणि पाला हवा असणारे यांची गाठ घालून देणारं. तरी धूर आहेच.

उन्हाळ्यात कुंडी वाळते ती वरून. बदामाची पानं चुरून चार बोटं जाडीचा थर दिला की ऊन मातीपर्यंत पोचतच नाही. गेल्या मे महिन्यात भर दुपारी मी तो थर बाजूला केला, तर खाली माती गार, आणि एक गांडूळ लगबगीनं आत शिरलं. शेजारच्या उघड्या कुंडीची माती कडा सोडून आकसली होती.

आमच्या सोसायटीत झाडायला येणाऱ्या मावशींना मी रिकामी पोती देऊन ठेवली आहेत. काल त्यांनी तीन भरून जिन्याखाली ठेवली. दोन मला पुरतील. तिसरं कुणाला हवं असेल तर सांगा, रविवारी घेऊन जा.