सदर ठिकाणी खड्डा आढळून आला नाही

आज दुपारी पोस्टमन महापालिकेचं पत्र देऊन गेला. दीड महिना त्याची वाट बघत होते. दारातच उभ्याउभ्या फोडलं. सगळ्या मिळून आठ ओळी, त्यात कामाच्या दोनच. "प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता सदर ठिकाणी खड्डा आढळून आला नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते चहा बशीत ओतत होते. म्हणाले, "मग मी छत्री कशात घातली होती?"

तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितेय. लांबेल. कंटाळा आला तर पुढे सरका, मला राग येणार नाही. आधीच भरपूर आलाय.

ज्यांना छत्रीचं प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. जुलैचा दुसरा आठवडा. आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते, तपासणी करून आम्ही घरी येत होतो. संध्याकाळचे साडेसात, धो धो पाऊस, समोरच्या गाड्यांचे लाइट डोळ्यांत. रस्त्यावर पाणी साचलेलं, सगळं कसं एका पातळीत, छान सपाट. आणि पुढचं डावं चाक आत गेलं. आवाज असा, की मला वाटलं इंजिनच खाली पडलं. मी थरथरत गाडी कडेला घेतेय, तोवर आबा दार उघडून बाहेर! डोळ्यावर काळा चष्मा, आणि डॉक्टरांनी अर्ध्या तासापूर्वीच बजावलेलं की डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये. मी आतून ओरडतेय आणि हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस छत्री मिटून खड्ड्यात खुपसतोय. डोक्यावर धरायची सोडून खड्ड्यात! तळ लागल्यावर रस्त्याच्या पातळीला छत्रीवर अंगठा दाबला, मला म्हणाले "फोटो काढ", आणि मग तो अंगठा न हलवता तसेच गाडीत येऊन बसले. अंगठा घरी पोचेपर्यंत हलला नाही. टेप लावून मोजलं. साडेसात इंच.

आबा बांधकाम खात्यात मुकादम होते. चौतीस वर्षं. आता कळलं ना छत्री का.

तर ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी, एका डोळ्याने, भर पावसात जो खड्डा आबांना दिसला, तो दोन्ही डोळे शाबूत असलेल्या अभियंत्यांना उन्हात आढळून आला नाही.

शहराचं नाव लिहीत नाही. तुम्हाला तुमचंच वाटणार आहे, वाटू दे.

आता हिशेब. टायरला कडेला फुगा आला, तो गेला: ६,५०० रुपये. अलॉय रिमला तडा: ९,२००. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, वाकला: ३,४००. मजुरी १,३००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००. एकूण २१,३००. मला माहितीये, कुणाकुणाच्या एका रात्रीच्या पार्टीचं बिल असतं एवढं. माझं नसतं. पतसंस्थेत नोकरी करते मी.

लगेच सगळ्यांचा एकच सल्ला. "अगं, इन्शुरन्स कशाला असतो?" केला एजंटला फोन. नुसता टायर गेला असता तर काहीच मिळालं नसतं. सोबत गाडीचंही नुकसान आहे म्हणून टायर धरतील, पण निम्म्या किमतीला. रिमवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा. पहिले हजार रुपये माझ्या खिशातून. आणि इतकी वर्षं क्लेम न करता जमवलेला नो क्लेम बोनस शून्यावर. पुढच्या हप्त्यात आत्ता मिळालेलं बरंचसं परत जाणार. त्याच्या वर एक आणखी मजा त्याने सांगितली. खालून ऑइलची टाकी फुटली, ऑइल गळून गेलं आणि तुम्ही गाडी तशीच चालवत राहिलात, तर पुढे जाम झालेल्या इंजिनाचा खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. म्हणजे खड्डा त्यांचा आणि बोनस माझा गेला! मी माझ्याच पैशाने त्यांचा खड्डा का म्हणून भरायचा?

म्हणून महापालिकेत भरपाईचा अर्ज केला. साधा, एका पानाचा. सोबत बिलं, गॅरेजवाल्याचं पत्र, आणि छत्रीचा फोटो.

पहिल्या खिडकीवर सांगितलं, हा रस्ता आमच्याकडे नाही, बांधकाम विभागाकडे आहे. बांधकाम विभागात सांगितलं, कधीच महापालिकेकडे हस्तांतरित झालाय. परत आले तर म्हणे तिथे गॅसच्या लाइनसाठी चर खोदलेला, तो त्यांनी नीट बुजवला नाही, त्यांच्याकडे मागा. गंमत बघा, त्याच रस्त्यावर एका बाजूला फलक आहे, नगरसेवकाच्या प्रयत्नाने डांबरीकरण, हात जोडलेला फोटो, सात फुटी. रस्त्याला बाप एवढा मोठा आणि खड्डा मात्र अनाथ.

शेवटी आवक-जावकच्या बाईंनी अर्ज घेतला, पोच दिली. चांगल्या होत्या हो त्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, नुकसानभरपाईचा नमुनाच नाही आमच्याकडे. कुणी मागतच नाही ना."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कुणी मागतच नाही. टायर फुटला की आपण स्टेपनी लावतो, दोन शिव्या देतो, गॅरेजवाल्याला गूगल पे करतो आणि संध्याकाळी ग्रुपवर खड्ड्यांचे विनोद पाठवतो. मीही पाठवलेत. चंद्रावरचा माणूस आणि आपला रस्ता, तो तर तीनदा पाठवलाय.

अर्ज दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी खड्ड्यात पेव्हर ब्लॉक कोंबले. बाराव्या दिवशी पाहणी झाली. आणि पाहणीत खड्डा आढळून आला नाही! आमच्या पतसंस्थेतल्या थकबाकीदाराने उद्या लिहून दिलं की, "माझ्या घराची पाहणी केली असता सदर कर्ज आढळून आलं नाही," तर चालेल का? मी तर म्हणते, भरलात ना तो? मग जे नव्हतंच ते भरलं कशाला?

मेहुणा वकील आहे. म्हणाला, ताई, महापालिकेवर दावा लावायचा तर आधी महिन्याभराची नोटीस दे आणि सहा महिन्यांच्या आत दावा टाक. सरकारवर लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०, नोटीस दोन महिन्यांची. आणि कुणावर लावायचा हे आधी ठरव, कारण दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. ग्राहक मंचात जाऊ का विचारलं तर हसला. टोल भरला असतास तर तुला ग्राहक तरी म्हणता आलं असतं, नुसता कर भरणारा ग्राहक नसतो. केरळात पालियेक्कराच्या टोलनाक्यावर हायकोर्टाने रस्ता धड नाही म्हणून वसुली थांबवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं, हे त्यानेच सांगितलं. म्हणजे नाक्यावर पैसे दिले तर हक्क, आणि गाडी घेतानाच रोड टॅक्स म्हणून ११ टक्के एकरकमी मोजले तर? तर काही नाही. (हो, तो कर राज्याकडे जातो, महापालिकेकडे नाही, माहितीये. कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका. घरपट्टीही भरते मी.)

आणि ज्या निकालाची बातमी तुम्ही सगळे मला पाठवताय तो मी वाचलाय. ऑक्टोबर २०२५, मुंबई उच्च न्यायालय. खड्ड्याने जीव गेला तर घरच्यांना ६ लाख, जखमी झालं तर इजेप्रमाणे ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत, आणि हे पैसे जबाबदार अधिकाऱ्यांकडून, कंत्राटदारांकडून वसूल करता येतील. फार मोठा निकाल आहे. चांगल्या रस्त्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातलाच, हे कोर्ट किती वर्षं सांगतंय. खड्ड्यांची ती याचिका २०१३ सालची आहे. बारा वर्षं! एवढ्या वेळात मूल सातवीत जातं.

पण त्यात रिम नाही. टायर नाही. मी वाकले असते तर ५० हजारांपासून सुरुवात होती, लोअर आर्म वाकला म्हणून शून्य.

हे वाक्य टाइप केलं आणि जरा थांबले. कारण त्या दिवशी माझ्या मागून एक डिलिव्हरीवाला पोरगा येत होता. माझी गाडी दणकली ती बघून त्याने बाइक वळवली, घसरला, पडता पडता पाय टेकवून सावरला. माझी गाडी पुढे नसती तर तो सरळ त्या साडेसात इंचांत गेला असता. मला २१,३०० चा फटका बसला, त्याला कशाचा बसला असता कुणास ठाऊक. आबा छत्री घेऊन उतरले ना, ते खरं तर आधी त्याच्याकडे गेले होते. "लागलं का रे?" विचारलं, मग खड्ड्याकडे. हे मी अर्जात लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. मुंबईत ते दादाराव बिल्होरे आहेत, २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर खड्ड्याने त्यांचा मुलगा गेला, तेव्हापासून स्वतःच्या हाताने खड्डे भरत फिरतात. त्यांच्यासमोर मी रिमचं बिल घेऊन उभी राहू शकत नाही. तर हो, आधी माणसं, मग गाड्या. मान्य.

पण म्हणून गाड्यांचं काहीच नाही, असं कसं? माणूस मरेपर्यंत खड्ड्याची दखल कुणी घेणार नसेल, तर रिम हीच पहिली सूचना आहे ना? त्या एका खड्ड्यासाठी दहा जणांनी बिलं पाठवली असती आणि महापालिकेच्या खिशातून लाख-दोन लाख गेले असते, तर तो खड्डा जुलैपर्यंत राहिला असता का?

माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये असते. तिकडे काउन्सिलच्या वेबसाइटवर फॉर्मच असतो, खड्डा कुठे, खोली किती, फोटो जोडा. तिने मागितले होते पैसे. मिळाले नाहीत! तिथल्या कायद्यात काउन्सिलला बचाव आहे, रस्त्याची वेळच्या वेळी पाहणी होत होती हे दाखवलं की सुटका. तेव्हा तिकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण नाही म्हणायलाही त्यांना पाहणीची नोंद काढून दाखवावी लागली. अमुक तारखेला आमचा माणूस इथून गेला होता. मला तेवढं दिलं असतं तरी मी गप्प बसले असते. खरंच बसले असते. (आबा म्हणतात नसती बसली.)

आबांचं वेगळंच. मला वाटलं होतं पत्र वाचून तेही भडकतील. ते म्हणाले, "आमच्या वेळीही खड्डे होते. गाड्या कमी होत्या, म्हणून ओरड कमी." मग म्हणाले त्या पोराकडे, म्हणजे ज्याने पत्र लिहिलं त्याच्याकडे, रस्ते किती आणि माणसं किती असतील बघ. आबांच्या टोळीत मैलकुली असायचे, ठरावीक मैल ठरावीक माणसाचे. मेमध्ये कडेचे चर उघडायचे, कारण खड्डा पाण्याने पडतो, गाडीने फक्त वाढतो. मग खड्डा चौकोनी कापायचा, धूळ झाडायची, डांबर शिंपडायचं, खडी थराथराने घालून धुम्मसने ठोकायची. "वरून ब्लॉक टाकले की खालचं पाणी जाणार कुठे?" माझ्या लहानपणी एसटीतून जाताना आबा खिडकीतून सांगायचे, इथून तिथपर्यंत आपलं. मला वाटायचं रस्ता खरंच आमच्या मालकीचा आहे. शाळेत सांगितलं होतं मी तसं.

आणि हेच तर मला हवंय! २१,३०० नकोत. (हवेत. पण ते दुसरं.) मला एका कागदावर कुणीतरी लिहून द्यायला हवंय की हो बाई, इथून तिथपर्यंत आमचं, खड्डा आमचा. त्या पत्रावर सही बघा. उपअभियंता असा शिक्का, त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात "करिता", आणि खाली कोंबडीचा पाय. म्हणजे खड्डा नाही म्हणणारासुद्धा दुसऱ्याच कुणाच्या तरी वतीने नाही म्हणतोय.

"जाऊ दे गं" म्हणणाऱ्यांनी आज खरंच कमेंट करू नका. तुमचंच बरोबर असेल. नोटीस, वकील, खेपा, रजा, यात २१ हजार कधीच उडून जातील, हे मला पतसंस्थेत बसून कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?

सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतेय, दहा रुपयांत. त्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो, कंत्राटदार कोण, पाहणीला कोण गेलं, ब्लॉक कुठल्या तारखेला बसवले आणि कुठल्या कामात दाखवले. जे नव्हतं ते भरण्याचं बिल कुणीतरी लावलंच असेल ना.

पत्र आल्यावर संध्याकाळी आम्ही तिथे जाऊन आलो. आबांनीच हट्ट धरला. दोन ब्लॉक उखडून कडेला पडलेत, बाकीचे आत बसलेत, आणि समोरच्या वडापाववाल्याने त्यात झाडाची फांदी रोवून तिला लाल पिशवी बांधलीय. स्थळपाहणी त्याने केलेली दिसते. आबांनी छत्री घातली, अंगठा धरला. यावेळी टेप गाडीतच होता.

नऊ इंच.

आता काम सांगते. तुमच्यापैकी जे त्या बाजूने जातात त्यांना कळलंच असेल मी कुठल्या रस्त्याबद्दल बोलतेय. ५ जुलै ते २० जुलै या काळातला त्या वळणाचा फोटो, डॅशकॅमचा व्हिडिओ, तिथे गाडी आपटल्याचं बिल, काहीही असेल तर इनबॉक्समध्ये टाका. तारीख दिसायला हवी. आणि व्हिडिओत काळा चष्मा लावलेला, भर पावसात मिटलेली छत्री धरून उभा असलेला एक म्हातारा दिसला, तर तो भाग कापू नका.